खोली नंबर तीनचा आकडा

१३ फेब्रुवारी २००२, बुधवार

कचरा! निव्वळ कचरा! सकाळी पिंपळगावहून रावजीअण्णांचा फोन — "ताई, कॉम्प्युटर चिनी बोलायला लागला!" त्यांच्या कोल्ड स्टोरेजच्या तीन नंबर खोलीच्या दाराबाहेर आमचा डबा लावून आठवडाही झाला नाही. आत सोडलेल्या वायरने खोलीचं तापमान मोजायचं आणि केबलमधून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवायचं, एवढंच त्याचं काम. डबा माझा, कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम मनोजचा. नवरा-बायकोचं पहिलं काम! आणि त्याच खोलीत माझ्या माहेरची, वडिलांच्या मळ्यातली द्राक्षं. दादा म्हणाले होते, "पोरीचं मशीन हाय, मग काय बघायचं!"

१५ फेब्रुवारी

तसाच दुसरा डबा घरी टेबलावर लावला. दिवसभर पोपटासारखा बोलतोय. डबा आणि कॉम्प्युटर, दोन्हीकडचा आकडे पाठवायचा वेग ९६००च आहे. डब्याचा ताल धरणारा क्रिस्टल बदलून पाहिला, तरी ठीकच. पिंपळगावला मात्र, अण्णा फोनवर म्हणतात, तासभर नीट, मग पुन्हा प्रश्नचिन्हं आणि बदाम!

मनोज — "तुझ्या डब्यातच घोळ आहे."
मी — "तुझ्या प्रोग्रॅममध्ये बघ आधी."

रात्री नावडती दोडक्याची भाजी निमूट खाल्ली त्याने. म्हणजे भयंकर चिडलाय.

१८ फेब्रुवारी

पिंपळगाव. मोटारीमुळे सिग्नल बिघडत असेल म्हणून खोली गार करणारा कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद ठेवून पाहिला. केबल नवी टाकली. कचरा तसाच! डबा उघडायचा राहिला, शेवटची एसटी चुकली असती. अण्णा हसून म्हणाले, "आमचं जुनं थर्मामीटर बरं व्हतं की!" पण आता आत जाऊन ते कोणी बघत नाही. दार उघडलं की गारवा जातो. ऑपरेटर सहादू स्क्रीनवरचा आकडा बघतो, आकडा वाढला की कॉम्प्रेसर चालू करतो. सगळी भिस्त आमच्यावर.

२० फेब्रुवारी

कचरा बंद! मनोज आज एकटाच जाऊन आला. काय केलंस? तर म्हणे, "झालं ना? आता उकरत बसू नकोस." आनंद व्हायला हवा. होत नाहीये.

२४ फेब्रुवारी, रविवार



कारण कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून मनोजला न सांगता गेले. स्क्रीनवर ०.५. सहादू खूश — "ताई, चार दिवस आकडा जागचा हलला नाय! कॉम्प्रेसर लावायचं कामच पडलं नाय. लाईट किती वाचली!" मी पण खुळी, हसले.

डबा उघडला. आतल्या बाजूने, केबलच्या सॉकेटपाशी चिकट, हिरवट थर. वरच्या फटीत कुंकू! "हे काय रे?"

"आवसेला नारळ फोडला ना. नवं मशीन. पाणी शिंपडलं त्याच्यावर."

अगं बाई! नारळाच्या पाण्याने पिन खाऊन टाकली होती. पोट धरून हसले. साफ करायला केबल उपटली. तेवढ्यात ऑफिसातून अण्णांची हाक — "बरं चाललंय ताई! झिरो पॉइंट पाच!"

केबल माझ्या हातात होती.

"अण्णा, आत्ता किती?"

"पाचच की. झिरो पॉइंट पाच."

दार उघडायला लावलं. आंबूस वास अंगावर आला. देठ काळे पडलेले, मणी मऊ. भिंतीवरच्या जुन्या थर्मामीटरवर तेरा! दादांच्या नावाच्या पेट्या एकेक उघडून पाहिल्या. सगळ्या तशाच.

घरी येऊन मनोजला विचारलं. म्हणाला, "चुकीचं काही आलं की आधीचा बरोबर आकडा दाखव, एवढंच टाकलं मी. अण्णांसमोर कचरा दिसायला नको म्हणून." दिसायला नको! चुलीत घाल तुझं दिसणं! असं ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या.

२६ फेब्रुवारी

अण्णांनी सहादूला कामावरून काढलं. नारळ फोडून मशीन बिघडवलं म्हणून! त्यांना हे सांगितलं कोणी? मनोजने. काल, फोनवर. आज दादांनाही तेच सांगितलंय, आणि वर मला म्हणतो, "तूच तर शोधलंस ना नारळाचं?"

उद्या सकाळच्या एसटीने पिंपळगावला जाणार, जुना आकडा कोणी दाखवत ठेवला ते सांगायला. आधी अण्णांकडे, मग सहादूच्या घरी, मग दादांकडे. मनोजला अजून सांगितलेलं नाही.