चार नंबरचा खांब

खोपोली, शनिवार, २ ऑगस्ट १९८६

प्रिय सखाराम,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. मनात एक शंका होती. ती कागदावर उतरली की खरी होईल, असं वाटत राहिलं.

मे महिन्यात तू विद्यापीठातले विद्यार्थी घेऊन आलास आणि आमच्या कारखान्याच्या पाइपलाइनशेजारी डोंगरउतारावर आपण सहा खांब पुरले. जमीन सरकली की खांब कलणार आणि आमच्या केबिनमधल्या कागदावर त्याची रेघ वर चढणार. यंत्रं तुमची, तारा आमच्या. जूनमध्ये चार नंबरची रेघ रोज सकाळी उसळायला लागली, म्हणून वर गेलो, तर वाडीतल्या जनीने खांबाला शेळी बांधलेली. तुला ते कळवलं तेव्हा तू किती हसला होतास! मग चारची रेघ हलली की मी तांबड्या पेन्सिलीने खोडून 'शेळी' लिहायचो आणि तुला आकडे पाठवताना ती वगळायचो. त्याच आकड्यांवर 'उतार स्थिर आहे' असा अहवाल आपण दोघांच्या सहीने कंपनीला दिला.

काल पाच नंबरही हलला. पुन्हा वर गेलो. जनी भाताच्या खाचरात तण बेणत होती. म्हटलं, बाई, शेळी दुसरीकडे बांध गं. ती मानही वर न करता म्हणाली, "शेळी लावनीच्या आदीच इकली, सायब. आता तुमचा खांब कोन हलवतो, तुमीच सांगा." शेजारचा धाऊ म्हणाला, "सायबालाच बांध गं तितं, मंग कळंल." सगळे हसले. मीही हसलो, आणि तसाच तडक खाली उतरलो.

लावणी जूनअखेरीस झाली होती. केबिनमध्ये येऊन जुलैचे सगळे कागद फरशीवर पसरले. शेळीने हललेली रेघ संध्याकाळपर्यंत खाली यायची. जुलैतली एकदाही खाली आलेली नाही. दर मोठ्या पावसानंतर थोडी वर, आणि तिथेच. मला हे दिसलं नाही, की बघायचं नव्हतं? पेन्सिल माझ्या हातात होती, तुझ्या नाही.

आज सकाळी वाडीत जाऊन सांगितलं, जमीन सरकतेय, घरं सोडा. "दोन दिस ऊन पडलंय, आनि तुमी आता सांगता?" धाऊ म्हणाला. त्याचं बरोबरच आहे. खांबाखाली सात घरं आहेत. पोरं आणि म्हातारी माणसं आज खालच्या देवळात झोपायला तयार झाली. बाकीचे अजून नाहीत.

मॅनेजरसाहेब म्हणतात, विद्यापीठाचं पत्र येऊ द्या, मग बघू. अहवाल मागे घेतला तर तुझं पुढच्या वर्षीचं काम अडेल, हे मला ठाऊक आहे. तरीही, सखाराम, हे पत्र त्यासाठीच आहे. मी माझी सही मागे घेतली. न खोडलेले आकडे सोबत आहेत. त्यांचीच एक प्रत दुपारी खालापूरला तहसीलदारांकडे देऊन आलो. तूही सही मागे घे आणि मॅनेजरसाहेबांना तार कर. तुझी परवानगी मागत नाही. तू सोबत हवा आहेस, एवढंच.

तुझाच,
बद्रुद्दीन

ता. क. उद्याचं काम : गुरुजींकडून खालच्या शाळेची किल्ली घेऊन सातही घरांतली माणसं खाली आणणे.