तुमच्या गावची मिस्सा

सिस्टर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या गावाची खबर मला इथं सिंगापूरमध्ये, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात कळली. आमच्या वॉर्डात आयर्लंडची एक नर्स आली आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं गावाचं नाव घेतलं आणि मी चमकले. वसईच्या आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नकाशात ते गाव नव्हतं, म्हणून तुम्हीच शाईनं ठिपका काढून आम्हाला दाखवलं होतं.

एका रविवारी बेडची चादर बदलताना मी तिला सहज विचारलं, "चर्चमध्ये मिस्साला जातेस का इथं?" ती हसली. "आमच्याकडे आता कोणी जात नाही. महिन्यातून एकदा मिस्सा होते, तीही केरळचे फादर येऊन करतात. कॉन्व्हेंटचं हॉटेल झालंय." मी म्हटलं, इथं तर लोक चर्चबाहेर उभे असतात. मग तिनं आजीचं सांगितलं. लग्नाआधी दिवस गेले म्हणून फादरांच्या सांगण्यावरून घरच्यांनी तिला सिस्टरांच्या आश्रमात पाठवलं. तिथं ती वर्षभर लोकांचे कपडे धूत होती. बाळ कुणाला दिलं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "मेल्यावर मला चर्चमध्ये नेऊ नका, असं तिनं सांगून ठेवलं होतं. आम्ही नेलं नाही. सगळं गाव आलं, फादरना कोणी बोलावलं नाही." हे ती अगदी शांतपणे सांगत होती, उशीला अभ्रा घालत.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी आठवीत आहे, आईनं दिलेली अंडी घेऊन आले आहे. तुम्ही टेबलाशी बसला आहात, पुढ्यात घरून आलेलं पत्र, डोळे लाल. मी विचारते, "सिस्टर, कोणी आजारी आहे?" तुम्ही पत्राची घडी घालता आणि तुमच्या त्या मराठीत दटावता, "असा प्रश्न विचारायचा नाही. अंडी ठेव, जा." त्या पत्रात काय होतं, मला माहीत नाही. कदाचित नुसतं आजारपणच असेल. पण त्या रविवारपासून वाटतं, तिकडच्या आश्रमांचं तुम्हाला ठाऊक होतं का? आणि ठाऊक असेल, तर मी नर्सिंगला निघाले तेव्हा स्वतःच्या हातातलं सेकंदकाट्याचं घड्याळ काढून देणाऱ्या, "नाडी मोजताना घाई नको" म्हणणाऱ्या तुम्ही गप्प कशा राहिलात? हे तुम्ही असताना विचारायला हवं होतं. आता पत्र पाठवू कुठं?

त्या रविवारी चादरीचा कोपरा खोचता खोचता त्या मुलीनं विचारलं, "तुला शाळेत नन्स होत्या का? कशा होत्या?"

"नाही," मी म्हटलं. "आमची शाळा झेडपीची होती."

सिस्टर, तुम्ही चांगल्या होतात, एवढंसुद्धा मला तिच्यासमोर म्हणवलं नाही.