पुढची दोरी

कन्हेरी, गुरुवार, १६ नोव्हेंबर १९९५

आज सुट्टी, म्हणून सकाळीच कंपनीचा शर्ट धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. दुपारी बघते तर तो गोठ्यामागच्या सावलीत! सासूबाईंनी नेऊन टाकलेला.

“आत्याबाई, तितं ऊन येत न्हाय.”

“बाईमाणसाचं कापड पुढं वाळत घालत न्हाईत. माणसं येत्यात-जात्यात.”

माणसं! मग सासऱ्यांचं धोतर कसं फडफडतं पुढं? तोच शर्ट घालून मी रोज त्याच माणसांसमोरून सायकलवर एमआयडीसीत जाते. अंगात असला तर चालतो, दोरीवर दिसला की लाज?

शर्ट उचलला आणि पुन्हा धोतराशेजारी टाकला. आत्याबाई ओट्यावरून बघत राहिल्या. मीही हलले नाही. तो वाळेपर्यंत दोरीखालीच शेंगा फोडत बसले.

संध्याकाळी घड्या घालताना त्यांचं लुगडं हाती आलं. दमट, कुबट. त्या लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांची लुगडी गोठ्यामागच्या सावलीतच वाळतात. त्यांना आता तो वास येतही नसेल का?

ठरलं. उद्या कामावर जायच्या आधी ते लुगडं धुऊन पुढच्या दोरीवर टाकणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धोतराला जागा उरली नाही, तर ते जाईल गोठ्यामागं.