मधातली जाळी

मंगळवार, दिवेलागणीची वेळ. सौंसर.

मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, आज दोन सशांच्या मधातली जाळी काढली. भुऱ्या ससा आधीचा; नवा कापश्या, माझ्या पोरीनं हट्टानं मागून आणला. आला तेव्हापासून दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मधात जाळी ठेवा, एकाचं पोतं दुसऱ्याखाली टाका, वासाची ओळख होऊ द्या, घाई नको. मी तसंच करून राहिली होती. तरी रोज सकाळी जाळीत पांढऱ्या केसांचा पुंजका. फुटलेल्या बोंडासारखा.

मामाजी म्हणाले, "सूनबाई, जिंदगीभर बैलजोड्या जुळवल्या म्या. नवा गोऱ्हा जुन्याजवळ बांधला की दोन दिस ढुशा देते, मंग एका गव्हाणीत खाते. ससे का वाघ व्हय?"

"मामाजी, बैलाला दावं असते," मी एवढंच म्हटलं. अजून का नाही बोलली मी?

त्यांनी दोघांना संत्र्याच्या एकाच क्रेटात टाकलं, वरून फळी. आधी पाय आपटल्याचा आवाज आला, धप धप. मग एक किंचाळी. ससा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं.

आता काहीच आवाज नाही. पोरगी ट्यूशनवरून येईलच. वाऱ्यानं पांढरे केस ओसरीतून माझ्या दारापर्यंत आले. एक पुंजका नाही, पुष्कळ.

मामाजी हाक देऊन राहिले, "पाह्य सूनबाई, कसे शांत झाले! जुळली जोडी!"

फळी त्यांनी अजून उचललेली नाही.