फिल्टरवरचं कुंकू

सोमवार, १४ जुलै

शेजारच्या टेबलावरच्या अक्षताला आज ऑफिसात धाप लागली. दम्याचा पंप घरी विसरलेली. मी शेजारी बसून नुसती पाठ चोळत राहिले. घाटकोपरला घरी असते तेव्हा ठणठणीत. इथे अंधेरीला येऊन खुर्चीत बसली की खोकला सुरू! तिच्या डोक्यावरच्या एसीच्या जाळीतून कुबट वास येतो, दमट कपडे घडी करून कपाटात ठेवल्यासारखा. कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, १६ जुलै

एसीवाल्या नंदकिशोरला विचारलं. 'दर शुक्रवारी फिल्टर धुतो, मॅडम.' माझ्याकडे न बघता म्हणाला. साफसफाईच्या कार्डावरच्या त्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाच्या — एका दमात ठोकल्यासारख्या. नऊ वर्षं ॲडमिन सांभाळतेय मी. मला शेंड्या लावतो!

शुक्रवार, १८ जुलै

तो जेवायला गेला तेव्हा एसीच्या खोलीत शिरले. फिल्टर ओढून काढला. काळीहिरवी बुरशी, हाताला ओलसर. आणि चौकटीच्या कडेला कुंकू! खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली तेव्हा मीच लावलेलं. नऊ महिन्यांत पाण्याचा थेंब लागलेला नाही. इतका संताप आला की तिथूनच कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवला. पोरीचा श्वास कोंडतोय आणि हा सह्या करतोय.

मंगळवार, २२ जुलै

कॉन्ट्रॅक्टरने नंदकिशोरला काढलं. डबा न्यायला आला होता. भांडला नाही — मला तर त्याचाच जास्त संशय. जाताना एवढंच म्हणाला, 'पूजेचं कुंकू, मॅडम. पुसायला हात झाला नाही. तेवढी कड सोडून धुवायचो.' थाप मारायची तर देवाच्या नावाने!

अक्षता म्हणाली, 'बरं केलंस गं, वसुधा.' तरी दुपारी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. थापच असणार.

गुरुवार, २४ जुलै

आज नवा माणूस, विशाल. फिल्टर उजेडात धरून म्हणाला, 'जाळीत धूळ नाही, धुतलेत व्यवस्थित. पण ओलेच चढवलेत ना. या हवेत सुकायला अख्खा दिवस जातो, तोपर्यंत एसी बंद पाहिजे. ओले लावले की बुरशी धरणारच.'

म्हणजे धुवायचा. मग ओले का चढवायचा? कसली एवढी घाई होती त्याला?

शुक्रवार, २५ जुलै

विशालने एसीच्या खोलीत चिकटवलेला कागद काढून आणला. 'याचं काय करू, मॅडम?' मे महिन्यातला. 'साफसफाईसाठी एसी अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद ठेवू नये.' खाली सही माझी.