कुलूप लागलेल्या खोलीवरचा बोर्ड उतरवण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
कुटुंब व युवक साहाय्य विभाग,
दुसरा मजला, मुख्य कार्यालय.

विषय : खोली क्र. ४ च्या दारावरील फलक उतरवण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे उत्तर, 'सदर अर्ज संबंधित केंद्रामार्फत यावा.'

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने पेंटर असून तीस वर्षे दुकानांचे, दवाखान्यांचे व शाळांचे बोर्ड रंगवीत आहे. सदर फलकही अर्जदारानेच रंगवला. 'घरी बोलता येत नाही? इथे या. दर बुधवारी, दहा ते एक.' मजकूर आपल्या विभागाचा, अक्षर अर्जदाराचे. "अक्षर असं काढा, की घाबरलेल्या पोरालाही आत यावंसं वाटेल," असे केंद्रावरच्या ताईंनी बजावले होते. अर्जदाराने त्यात जीव ओतला.

२. पुढे ताईंची बदली झाली व खोलीला कुलूप लागले. फलक राहिला. विभागाच्या छापील मदतपुस्तिकेत केंद्र आजही चालू आहे.

३. अर्जदाराची मुलगी, वय अठरा, घरी कळू न देता त्या खोलीवर सलग तीन बुधवार गेली. तिथे कोणी नसतं, असे मैत्रिणीने तिला सांगितलेही होते. त्यावर ती म्हणाली, "बोर्ड बाबांनी रंगवलाय. बाबा खोटं कशाला लिहितील?" चौथा बुधवार तिने पाहिला नाही. ती आता नाही.

४. खोली महिन्यातून एकदा झाडण्यापुरती उघडते. दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या तिच्या तीन चिठ्ठ्या झाडणाऱ्या मावशींना सापडल्या व त्यांनी त्या घरी आणून दिल्या. पहिलीत, आज आले होते, कोणी नव्हतं. दुसरीत, वेळ बदलली आहे का, अशी विचारणा. तिसरीत एवढेच, की 'मी तुमचा फार वेळ घेणार नाही.' चिठ्ठ्या सोबत जोडलेल्या नाहीत, कारण अर्जदाराच्या पत्नीच्या हातून त्या सुटत नाहीत. मुलगी महिनाभर भरल्या ताटावरून उठत होती आणि अर्जदार 'परीक्षेचा ताण असेल' म्हणून स्वतः पोटभर जेवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५. फलक उतरवावा म्हणून तीन अर्ज केले. पहिल्याचे उत्तर : फलक ही विभागाची मालमत्ता असून हात लावल्यास कारवाई होईल. दुसऱ्याचे : केंद्र बंद असल्याची नोंद नाही. तिसऱ्याचे वर संदर्भात दिले आहे. त्यानुसार अर्जदार गेल्या बुधवारी केंद्राच्या दाराशी गेला व अर्जाची प्रत फटीतून आत सरकवून आला. नियमात हेच बसत होते.

६. वळून पाहतो तर पायरीवर एक मुलगी बसलेली. सतरा-अठराची असेल, पिशवी पोटाशी धरलेली. "काका, ते लोक कधी येतात?" तिने विचारले. केंद्र बंद आहे, एवढेच अर्जदाराला सांगायचे होते. तोंडातून निघाले, "मीच तो. बोल."

इथून पुढे 'अर्जदार' असे लिहिणे मला जमत नाही, क्षमा असावी. ती दीड तास बोलली. मला यातले ओ की ठो कळत नाही. मी नुसता ऐकत होतो, आणि अठरा वर्षांत माझ्या मुलीचे मी सलग इतके कधी ऐकले नव्हते हे त्या पायरीवर लक्षात आले. निघताना ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी असाल ना?" मी हो म्हणालो.

७. बुधवार परवा आहे. ऐकून घेणे मला जमेल, पण पुढे तिला कुठे न्यायचे, काय सांगायचे, हे मला ठाऊक नाही, आणि माझ्या चुकीने आणखी एक मुलगी जायला नको. तरी त्या खोलीत जाणते माणूस बसवावे. ते होत नसेल तर उद्याच्या उद्या फलक उतरवू द्यावा, शिडी माझी आहे. यातले काहीच होणार नसेल, तर परवा दहा वाजता आपण स्वतः पायरीवर येऊन तिला सांगावे, की इथे कोणी नसते. माझ्याच्याने ते होणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
पेंटर

दिनांक : ९, सोमवार