रेघेबाहेरचा दम

पलूस, फेब्रुवारी १९७६

प्रिय सयाजी,

आशीर्वाद शेवटाला देईन, आधी शिव्या खा. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नगंस, म्हातारपणी पाटी धरलेल्या बाईचं हाय. गुडघा मोडला, कबड्डी संपली, पलटणीनं आता कोच केलंय, म्हंजे जित्या माणसाचा फोटो करून भिंतीला हार घातलाय, असं लिहितोस. समदं सोडून घरी येतो, ऊस बघतो म्हणतोस. लिहायला लय शिकलास रं मुडद्या!

एवढासा हुतास तवा खळ्यात कोंबड्यांवर चढाई करायचास. दम असा लांब, की तुझी आई घाबरायची, पोरगं निळं पडलं म्हणायची. मी म्हणायची, पडू दे, गरज लागली की घेईल श्वास. पुढं फौजेत कबड्डीचा कप्तान झालास. आपल्या गल्लीतला तात्याबा चावडीवर मिशा पिळायचा, जसा काय त्यानंच तुला जन्माला घातला. मी मातुर कवा खेळ बघाया आले न्हाई. माणसं एकमेकांच्या तंगड्या वढत्यात, त्यात काय बघायचं?

पण तुला ठावं न्हाई ते आता सांगते. गेल्या महिन्यात तुमची पलटण सांगलीला सामन्याला आलती, तवा शेजारच्या हरणाबाईला घेऊन मी एस्टीनं आलते. बायकांत मागं बसले, पदर तोंडावर वढून. तू रेघेबाहेर उभा, एक पाय वाकडा. वाटलं, गेलं पोरगं वाया. मग तुझा एक गडी चढाईला गेला आन् मी बघतच ऱ्हायले. तिकडं त्यानं दम धरलेला, हिकडं तुझी छाती थांबलेली. त्याचा पाय वळायच्या आधी तुझा खांदा वळायचा. तो मधल्या रेघेला टेकला की श्वास तू सोडायचास. मागनं दुसरा गेला, पुन्यांदा तसंच. हरणाबाईनं मला ढोसलं, “रंगूबाई, आवं श्वास घ्या की!” तवा कळलं, मीबी धरलावता. देवळात माझं हात लवकर जुळत न्हाईत. तिथं कवा जुळलं, माझं मलाच ठावं न्हाई. आधी तू एकट्याच्या छातीवर खेळायचास, आता साताच्या छातीत खेळतोस. असलं मी जन्मात बघितलं न्हवतं. भेटले न्हाई, कारण भेटले असते तर गुडघा दाखवत बसला असतास.

खोटं कशाला बोलू, हितं माणूस पायजेच हाय. विहिरीची पायरी उतरताना माझंबी गुडघं कुरकुरत्यात. तुझं पत्र वाचून पयल्यांदा बरंच वाटलं. मग उठले, बांधाशेजारच्या बाळासोला बोलावलं आन् समदा ऊस त्याला वाट्यानं कसायला देऊन टाकला. तुझ्यासाठी एक सरीबी राखली न्हाई. सुट्टीला ये. भाकरी मिळंल, काम मिळायचं न्हाई. आशीर्वाद म्हणशील, तर ह्योच.

तुझीच,
रंगूआजी